बॉबी मूर : बचावपटूचे चरित्र आणि त्याची साधने

१. प्रास्ताविक

क्रीडेच्या इतिहासाचे लेखन बहुधा नोंदपत्रकांच्या आधारे होत असते. सामना कोणी जिंकला, गोल कोणी केले, कोणत्या मिनिटास केले, एवढे नोंदपत्रक सांगते. आणि जे नोंदपत्रकात नाही ते काळाच्या ओघात घडलेच नव्हते असे ठरते. ह्या पद्धतीचा सर्वाधिक अन्याय फुटबॉलमधील बचावपटूवर होतो. आघाडीच्या खेळाडूचे कर्तृत्व म्हणजे घडलेली घटना होय. बचावपटूचे कर्तृत्व म्हणजे न घडलेली घटना होय. जो गोल झाला त्याची नोंद होते. जो होऊ दिला नाही त्याची होत नाही.

मराठी वाचकास हा भेद समजण्यास कबड्डीचे उदाहरण पुरेसे आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याने गडी मारला तर त्यास गुण मिळतो, तसाच बचाव करणाऱ्यांनी चढाईवाल्याची पकड केली तर त्यांच्या बाजूसही गुण मिळतो. म्हणजे ह्या देशी खेळाने बचावास 'क्रिया' मानले असून गुणलेखात तिला रकाना दिला आहे. फुटबॉलने असा रकाना ठेवला नाही. परिणामी बचावपटूचे चरित्र लिहिणाऱ्यास अधिकृत कागदपत्रांपेक्षा वेगळ्या साधनांकडे वळावे लागते : सहकाऱ्यांच्या आठवणी, करारांचे व वेतनांचे दप्तर, चित्रफिती, आणि विशेष म्हणजे त्या खेळाची परिभाषा.

प्रस्तुत निबंधात ह्या दृष्टीने रॉबर्ट फ्रेडरिक चेल्सी मूर, म्हणजेच बॉबी मूर, ह्याच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परामर्श घेतला आहे. मूर इंग्लंडकडून १०८ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यांपैकी ९० सामन्यांत तो कर्णधार होता. १९६६ सालचा विश्वचषक इंग्लंडने त्याच्या नेतृत्वाखाली जिंकला. ह्या १०८ सामन्यांत त्याच्या नावावर केवळ २ गोल आहेत. केवळ नोंदपत्रक वाचणाऱ्या अभ्यासकास हा आकडा कोड्यात टाकील. त्याचा उलगडा करणे हे चरित्रकाराचे काम आहे.

२. व्यवसाय आणि व्यावसायिक

मूरची कारकीर्द समजून घेण्यापूर्वी ज्या व्यवसायात तो उतरला त्याची घडण पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेची स्थापना १८६३ साली झाली. तिचे आरंभीचे सूत्रधार हे सार्वजनिक शाळांतून शिकलेले, सुखवस्तू, हौशी खेळाडू होते. खेळण्याबद्दल पैसे घेणे हे त्यांना गौण वाटे. उत्तरेकडील गिरणगावांत मात्र शनिवारची मजुरी बुडवून खेळणाऱ्या कामगारास भरपाई देण्याची प्रथा पडली, आणि दीर्घ वादानंतर १८८५ साली व्यावसायिक खेळाडूस मान्यता देणे संघटनेस भाग पडले. १८८८ साली साखळी स्पर्धा सुरू झाली.

मान्यता मिळाली, तथापि स्वातंत्र्य मिळाले नाही. खेळाडूवर दोन बंधने होती. पहिले बंधन कमाल वेतनाचे. १९०१ साली आठवड्यास ४ पौंड ही मर्यादा घालण्यात आली आणि ती वाढत वाढत १९५८ पर्यंत २० पौंडांवर आली. खेळाडू कितीही गुणी असो, क्लबला त्यापेक्षा अधिक देता येत नसे. दुसरे बंधन अधिक कठोर होते. खेळाडूचा करार संपला तरी क्लबला त्याची नोंदणी स्वतःकडे राखून ठेवता येई. मग त्यास ना वेतन मिळे ना दुसरीकडे खेळण्याची मोकळीक. कुळाने जमीन सोडू नये म्हणून जशी बंधने असत, तशीच ही व्यवस्था होती.

खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल ह्याच्या नेतृत्वाखाली संपाची सिद्धता केली, तेव्हा जानेवारी १९६१ मध्ये कमाल वेतनाची मर्यादा रद्द झाली. फुलहॅम क्लबने जॉनी हेन्स ह्यास आठवड्यास १०० पौंड देऊ केले. त्यानंतर १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम ह्याने न्यूकासल क्लबविरुद्ध लढविलेल्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स ह्यांनी खेळाडूस राखून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे व्यवसायावरील अवाजवी निर्बंध होय, असा निर्णय दिला. मूरच्या कारकिर्दीची पहिली अडीच वर्षे जुन्या व्यवस्थेत गेली, आणि उर्वरित काळ अर्ध्यामुर्ध्या सुधारलेल्या व्यवस्थेत. तो ह्या संक्रमणाचा साक्षी होता, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्याची झळही त्यास लागली.

३. पूर्व लंडन व पहिली वर्षे

मूरचा जन्म १२ एप्रिल १९४१ रोजी लंडनच्या पूर्वेकडील बार्किंग येथे झाला. जर्मन विमानांचे हल्ले चालू असताना गोदींच्या ह्या पट्ट्यावर बाँबवर्षाव होत होता. वडील वीजतंत्री होते. मूर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. शालेय वयात तो क्रिकेटही उत्तम खेळे. ज्या वेस्ट हॅम युनायटेड क्लबमध्ये तो दाखल झाला, त्याचे मूळ १८९५ साली टेम्स आयर्नवर्क्स ह्या जहाजबांधणीच्या कारखान्यातील कामगारांनी काढलेल्या संघात आहे. क्लबच्या चिन्हावरील हातोडे हे त्या कारखान्याचे स्मारक होय.

१९५६ साली मूर क्लबमध्ये उमेदवार म्हणून आला आणि १९५८ साली व्यावसायिक झाला. उपजत शारीरिक देणगीच्या दृष्टीने तो सामान्य होता. त्याचा वेग बेताचा, आणि डोक्याने चेंडू मारण्यातही तो विशेष निष्णात नव्हता. बचावपटूस हे दोन्ही गुण अत्यावश्यक मानले जात. ही उणीव कशाने भरून काढावी, हे त्यास शिकविले ते माल्कम ॲलिसन ह्याने. ॲलिसन त्याच क्लबचा अनुभवी खेळाडू होता. बार्किंग रोडवरील कॅसेटारी ह्या साध्या उपाहारगृहात तो व त्याचे सहकारी दुपारी बसत आणि मेजावरील मिठाच्या व मिरपुडीच्या कुप्या हलवून डावपेचांची चर्चा करीत. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच तो पुढे कोणाकडे द्यावयाचा हे ठरलेले असावे, हा ॲलिसनच्या शिकवणीचा गाभा होता. मूरने तो पूर्णपणे आत्मसात केला. जो आधी जाणतो त्यास धावण्याची घाई करावी लागत नाही. त्याच्या खेळातील संथपणा हा अशा रीतीने दोष न राहता पद्धत बनला.

गुरुशिष्यांच्या ह्या संबंधास एक कटू बाजूही आहे. ॲलिसनला क्षयाने गाठले आणि त्याचे एक फुप्फुस काढावे लागले. आजारातून उठून तो पुन्हा पहिल्या संघात येण्याची उमेद धरून होता. ८ सप्टेंबर १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात डाव्या हाफबॅकची एकच जागा रिकामी होती, आणि तीसाठी ॲलिसन व सतरा वर्षांचा मूर असे दोघे डोळ्यांसमोर होते. व्यवस्थापक टेड फेंटन ह्याने नोएल कँटवेल ह्या ज्येष्ठ खेळाडूचा सल्ला घेतला. कँटवेल हा ॲलिसनचा मित्र. तरीही त्याने मूरचे नाव सुचविले. सामना वेस्ट हॅमने ३-२ असा जिंकला. ॲलिसनला पहिल्या संघात पुन्हा स्थान मिळाले नाही. शिष्याने गुरूची जागा घेतली ती गुरूनेच दिलेल्या विद्येच्या बळावर, ही गोष्ट मूरला आयुष्यभर बोचत राहिली असे त्याच्या निकटवर्तीयांच्या आठवणींतून दिसते.

४. परिभाषेची साक्ष

मूरच्या पाठीवर त्या दिवशी ६ हा आकडा होता आणि पुढेही बहुतेक कारकीर्दभर तोच राहिला. हा आकडा म्हणजे केवळ ओळखखूण नव्हे. त्यात फुटबॉलच्या रचनेचा पाऊण शतकाचा इतिहास साठलेला आहे.

१८८० नंतर रूढ झालेल्या मांडणीत गोलरक्षकापुढे दोन 'बॅक', त्यांच्यापुढे तीन 'हाफबॅक' आणि आघाडीस पाच 'फॉरवर्ड' असत. इंग्लिश साखळी स्पर्धेत १९३९ साली पाठीवरील आकडे सक्तीचे झाले तेव्हा ते ह्याच मांडणीप्रमाणे वाटण्यात आले : गोलरक्षक १, बॅक २ व ३, हाफबॅक ४, ५ व ६, आणि आघाडीवाले ७ ते ११. प्रत्यक्षात मात्र तोवर मांडणी बदललेली होती. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान पूर्वी प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. ते आता दोन असले तरी चालू लागले. गोल धडाधड होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून आर्सेनलचा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन ह्याने मधला हाफबॅक मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभा केला आणि इतर संघांनी त्याचे अनुकरण केले. हा खेळाडू आता सर्वार्थाने बॅक झाला. परंतु त्याचे नाव 'सेंटर-हाफ' हेच राहिले आणि आकडाही ५ हाच राहिला.

अर्थ सरकतो, शब्द जागच्या जागी राहतो, ही प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे. 'तेल' हा शब्द 'तीळ' ह्यापासून आला. तथापि आज खोबऱ्याचे, करडईचे, फार काय मातीचेही तेल असते. 'शाई' ह्या शब्दाच्या मुळाशी फारसीतील काळेपणा आहे. परंतु लाल शाई म्हणताना मराठी माणसास काही विसंगत बोलल्यासारखे वाटत नाही. 'सेंटर-हाफ' हे त्याच जातीचे उदाहरण होय. त्या शब्दातील 'हाफ' हे एका लुप्त मांडणीचे अश्मीभूत अवशेष आहे.

असे अवशेष निरुपद्रवी असतातच असे नाही. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने इंग्लंडचा वेम्बली येथे ६-३ असा पराभव केला. हंगेरीच्या हिडेगकुटी ह्याच्या पाठीवर ९ हा आकडा होता. इंग्लिश संकेताप्रमाणे ९ म्हणजे मध्य आघाडीवाला, आणि त्यास रोखणे हे सेंटर-हाफचे कर्तव्य. हिडेगकुटी मात्र मागे मध्यभागी राहून खेळत होता. इंग्लंडचा सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टन ह्याने त्याच्यामागे जावे तर बचावात खिंडार पडे. जागेवर थांबावे तर हिडेगकुटी मोकळा राही. त्याने त्या दिवशी तीन गोल केले. चिन्ह आणि चिन्हित ह्यांच्या फारकतीचे इतके महाग पडलेले उदाहरण विरळा.

१९५८ साली ब्राझीलने चार बचावपटू, दोन मध्यपटू व चार आघाडीवाले अशा मांडणीने विश्वचषक जिंकला. चौथा बचावपटू कोठून आणावयाचा? तर आणखी एक हाफबॅक मागे ओढून. वेस्ट हॅममध्ये १९६१ साली व्यवस्थापक झालेला रॉन ग्रीनवुड हा नव्या विचारांचा माणूस होता. त्याने मूरला सेंटर-हाफच्या शेजारी, किंचित मागे, आणले. प्रतिपक्षाच्या आघाडीवाल्यास अंगाने भिडण्याचे काम सेंटर-हाफचे. मागे राहून धोका ओळखणे, सुटलेला चेंडू ताब्यात घेणे आणि तेथूनच चढाईस आरंभ करून देणे हे मूरचे. म्हणजे ज्या जागेसाठी मूर प्रसिद्ध झाला त्या जागेस तो आला तेव्हा इंग्लिश भाषेत धड नाव नव्हते. वृत्तपत्रे त्यास बराच काळ डावा हाफबॅकच म्हणत राहिली. पुढच्या काळात ५ व ६ हे दोन आकडे मध्य बचावपटूंचे मानले गेले. हे दोन्ही आकडे मुळात हाफबॅकचे होते, हे मात्र विसरले गेले.

मराठी वृत्तलेखनाने ह्या गुंतागुंतीतून वेगळी वाट काढली. मुंबईस १८९१ पासून रोव्हर्स चषकाची परंपरा असल्यामुळे फुलबॅक, हाफबॅक हे शब्द मराठीत जसेच्या तसे आले. पण पुढे 'बचावपटू', 'बचावफळी', 'मध्यफळी' असे शब्द रुळले. 'फळी' हा शब्द जागा न सांगता रांग सांगतो, आणि 'बचावपटू' हा स्थान न सांगता कार्य सांगतो. त्यामुळे मांडणी बदलली तरी मराठी शब्द खोटा पडत नाही. मूरच्या भूमिकेस 'बचावपटू' हे नाव इंग्लिशमधील तत्कालीन नावांपेक्षा अधिक यथार्थ ठरते, हे नमूद करण्यासारखे आहे.

५. यशाचा काळ : १९६२ ते १९६६

२० मे १९६२ रोजी लिमा येथे पेरूविरुद्ध मूर प्रथम इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळला. त्याच वर्षी चिलीतील विश्वचषक स्पर्धेत तो इंग्लंडच्या चारही सामन्यांत होता. उपान्त्यपूर्व फेरीत ब्राझीलने इंग्लंडचा ३-१ असा पराभव केला. २९ मे १९६३ रोजी ब्रातिस्लाव्हा येथे चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध नित्याचा कर्णधार जिमी आर्मफील्ड दुखापतीमुळे नसल्याने मूरने प्रथम नेतृत्व केले. त्यावेळी त्यास बावीस वर्षे पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. इंग्लंडचा एवढा तरुण कर्णधार तोवर झाला नव्हता.

१९६४ साली वेस्ट हॅमने प्रेस्टन नॉर्थ एंडवर ३-२ अशी मात करून एफ. ए. चषक जिंकला आणि क्रीडापत्रकारांनी मूरला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. १९ मे १९६५ रोजी वेम्बलीवरच म्युनिकच्या १८६० संघास २-० असे हरवून क्लबने युरोपीय चषकविजेत्यांची स्पर्धा जिंकली.

ह्या दोन विजयांच्या मध्ये जे घडले ते त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते. १९६४ च्या अखेरीस मूरला वृषणाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो काही काळ मैदानाबाहेर होता. कारण मात्र गुप्त राहिले. कर्करोग हा शब्द उच्चारणेही त्या समाजात अप्रशस्त मानले जाई. मूरच्या मृत्यूनंतर ही हकीकत कुटुंबीयांच्या कथनातून प्रकाशात आली. म्हणजे १९६६ चा विश्वचषक उंचावणारा हा मनुष्य दीड वर्षापूर्वी प्राणघातक रोगातून उठलेला होता. ही गोष्ट विचारात घेतल्यावाचून १९६६ च्या प्रसंगाचे पूर्ण आकलन होणे शक्य नाही.

दुसरी अडचण व्यावसायिक स्वरूपाची होती. मूरचा वेस्ट हॅमशी असलेला करार ३० जून १९६६ रोजी संपला. त्यास टॉटनहॅम क्लबमध्ये जावयाचे होते. ग्रीनवुड त्यास सोडण्यास तयार नव्हता. विश्वचषक स्पर्धा ११ जुलै रोजी सुरू होणार होती. कोणत्याही क्लबशी करार नसलेल्या खेळाडूस राष्ट्रीय संघातून खेळता येत नव्हते. यजमान राष्ट्राचा कर्णधार स्पर्धेच्या तोंडावर तांत्रिकदृष्ट्या बेकार झाला होता. अखेर इंग्लंडचा व्यवस्थापक आल्फ रॅम्से ह्याने ग्रीनवुडला संघाच्या मुक्कामी बोलावून घेतले, आणि मूरने अल्प मुदतीच्या करारावर सही केली. १९६३ च्या न्यायनिर्णयाने खेळाडूस तत्त्वतः मुक्त केले होते. व्यवहारात तो किती मुक्त होता हे ह्या प्रसंगावरून दिसते. स्पर्धेनंतरही मूर वेस्ट हॅममध्येच राहिला.

स्पर्धेतील सहाही सामन्यांत कोहेन, जॅक चार्ल्टन, मूर व विल्सन ही बचावफळी अभंग राहिली. उरुग्वे, मेक्सिको, फ्रान्स व अर्जेंटिना ह्या चार संघांना इंग्लंडविरुद्ध एकही गोल करता आला नाही. पहिला गोल झाला तो उपान्त्य सामन्यात, युसेबिओने पेनल्टीवर केलेला. इंग्लंडच्या विजयाच्या कथा अंतिम सामन्यातील हर्स्टच्या तीन गोलांभोवती गुंफल्या जातात. तथापि अंतिम सामन्यापर्यंतच्या पाच सामन्यांत इंग्लंडविरुद्ध हा एकच गोल झाला होता, हेच त्या विजयाचे खरे अधिष्ठान होते.

३० जुलै रोजी पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हर्स्टच्या दोन गोलांचा उगम मूरच्या पायाशी आहे. जर्मनीने बाराव्या मिनिटास आघाडी घेतल्यावर काही मिनिटांतच मूरला पाडण्यात आले. त्याने उठताच, प्रतिपक्ष सावरण्याच्या आत, फ्रीकिक घेतली आणि हर्स्टने ती डोक्याने गोलमध्ये धाडली. १२० व्या मिनिटास इंग्लंड ३-२ असे पुढे असताना चेंडू मूरकडे आला. थकल्या संघाच्या बचावपटूने अशा वेळी चेंडू प्रेक्षकांत भिरकावून द्यावा ही रीत. जॅक चार्ल्टन ओरडून तसेच सांगत होता. मूरने मान वर केली, पाहिले, आणि लांब पल्ल्याचा अचूक पास हर्स्टकडे पाठविला. चौथा गोल झाला. ॲलिसनने शिकविलेला धडा ह्याहून मोठ्या परीक्षेस उतरला नसेल.

चषक स्वीकारण्यास जाताना राणीचे शुभ्र हातमोजे पाहून मूरने आपले मळलेले हात पुसले, हे दृश्य इंग्लंडमध्ये घरोघरी स्मरणात राहिले. १९६७ च्या आरंभी त्यास ओ. बी. ई. हा किताब मिळाला.

६. बोगोटा, ग्वादालाहारा, खोजूफ

१९७० च्या विश्वचषकापूर्वी इंग्लंडचा संघ कोलंबियात बोगोटा येथे उतरला असता हॉटेलमधील जवाहिऱ्याच्या दुकानातून सोन्याचे कंकण चोरल्याचा आरोप मूरवर आला. त्यास अटक होऊन चार दिवस कोलंबियाच्या फुटबॉल संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याच्या घरी नजरकैदेत राहावे लागले. आरोपास आधार मिळाला नाही आणि तो कधीही सिद्ध झाला नाही. सुटका होताच मूर मेक्सिकोत संघास जाऊन मिळाला आणि २ जून रोजी रुमानियाविरुद्ध मैदानावर उतरला.

७ जून रोजी ग्वादालाहारा येथे ब्राझीलविरुद्ध इंग्लंड ०-१ असे हरले. ह्या सामन्यातील एक क्षण मूरच्या कारकिर्दीचे प्रमाणपत्र मानला जातो. जाइर्झिन्हो पूर्ण वेगाने पेनल्टीक्षेत्राकडे येत असता मूर मागे सरकत राहिला. घाईने अंगावर गेला नाही. योग्य क्षणी उजवा पाय पुढे करून त्याने प्रतिपक्षीस स्पर्श न करता चेंडू काढून घेतला आणि तसाच पुढे निघाला. सामन्याअखेर पेले व मूर ह्यांनी सदऱ्यांची अदलाबदल केली. त्याचे छायाचित्र प्रसिद्धच आहे.

साधनांच्या दृष्टीने हा क्षण महत्त्वाचा ठरतो. ह्या पकडीची नोंद कोणत्याही नोंदपत्रकात नाही. पराभूत संघाच्या खेळाडूने न होऊ दिलेला एक गोल, इतकेच तिचे स्वरूप. ती टिकली ती चित्रफितीमुळे. बी. बी. सी.ने साप्ताहिक सामनादर्शनाचा कार्यक्रम ऑगस्ट १९६४ मध्ये सुरू केला होता. म्हणजे मूरची ऐन उमेदीची वर्षे आणि दूरचित्रवाणीवरील फुटबॉलची पहिली वर्षे एकच आहेत. ह्याआधीच्या पिढीतील बचावपटूंना हे भाग्य लाभले नाही. मोहन बागानचा विख्यात फुलबॅक गोष्ठ पाल ह्यास 'चीनची भिंत' म्हणत आणि १९६२ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्याचा गौरव केला. परंतु तो नेमका कसा खेळे हे सांगण्यास आज त्या उपाधीखेरीज व आठवणींखेरीज फारसे काही उरलेले नाही. आघाडीवाल्याच्या बाबतीत निदान गोलांची संख्या तरी हाती राहते. बचावपटूच्या बाबतीत चित्रफीत नसेल तर केवळ विशेषण उरते.

१९७० सालच्या युरोपीय सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत मूर दुसरा आला. पहिला क्रमांक जर्मनीचा गर्ड म्युलर ह्यास मिळाला. तो आघाडीवाला होता आणि त्या विश्वचषकात सर्वाधिक गोल त्याचे होते. निवड अयोग्य होती असे नव्हे; परंतु मोजता येणारे कर्तृत्व न मोजता येणाऱ्या कर्तृत्वावर कसे मात करते, ह्याचे ते उदाहरण आहे.

मूरचे चित्र निर्दोष रंगविण्याचे कारण नाही. जानेवारी १९७१ मध्ये ब्लॅकपूल येथे चषकसामन्याच्या आदल्या रात्री तो व काही सहकारी नाइट क्लबमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी संघ ०-४ असा हरला आणि क्लबने त्यांना दंड केला. ६ जून १९७३ रोजी खोजूफ येथे पोलंडविरुद्ध उत्तरार्धाच्या आरंभी मूर चेंडूवर क्षणभर रेंगाळला. लुबान्स्कीने तो हिरावून घेतला आणि गोल केला. इंग्लंड ०-२ असे हरले. पुढे १७ ऑक्टोबरच्या परतीच्या सामन्यात मूरला वगळण्यात आले. तो १-१ असा बरोबरीत सुटला आणि इंग्लंड १९७४ च्या विश्वचषकास मुकले. १४ नोव्हेंबर १९७३ रोजी इटलीविरुद्ध मूर शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला.

येथे नोंदीच्या अन्यायाची दुसरी बाजू दिसते. बचावपटूने थोपविलेले शेकडो हल्ले नोंदले जात नाहीत. त्याची एक चूक मात्र गोलच्या रूपाने कायमची नोंदली जाते. आघाडीवाल्याने दहा संधी दवडून एक साधली तरी तो नायक ठरतो. बचावपटूचा हिशेब नेमका उलटा असतो.

७. उत्तरायुष्य

मार्च १९७४ मध्ये वेस्ट हॅमने मूरला २५ हजार पौंडांस फुलहॅमकडे सोपविले. वेस्ट हॅमकडून तो साखळी स्पर्धेचे ५४४ सामने खेळला होता. १९७५ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात फुलहॅमची गाठ वेस्ट हॅमशीच पडली आणि फुलहॅम ०-२ असे हरले. १९७७ साली मूर इंग्लिश फुटबॉलमधून निवृत्त झाला. अमेरिकेत व डेन्मार्कमध्येही तो काही काळ खेळला.

ह्यानंतरचा काळ हा व्यावसायिक खेळाडूच्या सामाजिक इतिहासातील खेदजनक प्रकरण आहे. ऑक्सफर्ड सिटी, हाँगकाँगमधील ईस्टर्न व साउथएंड युनायटेड येथे त्याने व्यवस्थापन केले. त्यात त्यास यश आले नाही. अनेक धंदे बुडाले. फुटबॉल संघटनेने आपल्या एकमेव विश्वविजेत्या कर्णधारास एकही जबाबदारीचे पद दिले नाही. अखेरीस तो एका सवंग साप्ताहिकाचा क्रीडासंपादक आणि लंडनमधील खाजगी नभोवाणीवर समालोचक म्हणून काम करीत राहिला.

ह्या उपेक्षेचे कारण केवळ व्यक्तींच्या कृतघ्नतेत शोधणे अपुरे होईल. ज्या व्यवस्थेने खेळाडूस सोळाव्या-सतराव्या वर्षी घेतले, पस्तिशीपर्यंत वापरले आणि दुसरे कोणतेही कसब शिकविले नाही, तिच्यात निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा विचारच नव्हता. त्यातही व्यवस्थापनाची जागा ही अलीकडच्या यशावर मिळते. ज्याचे यश संख्येत मांडता येत नाही त्याची बाजारातील पत लवकर उतरते.

एप्रिल १९९१ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मूरवर तातडीची शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्याने आपला आजार जाहीर केला. १९६४ साली जो शब्द झाकून ठेवावा लागला तो १९९३ साली प्रकटपणे उच्चारता आला, एवढा तरी समाज मधल्या काळात बदलला होता. १७ फेब्रुवारी रोजी त्याने इंग्लंड-सान मारिनो सामन्याचे समालोचन केले आणि २४ फेब्रुवारी रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो मृत्यू पावला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. ज्याच्यासाठी त्यापूर्वी तेथे अशी प्रार्थना झाली होती असा एकच क्रीडापटू होता, तो म्हणजे वेस्ट इंडीजचा क्रिकेट-कर्णधार सर फ्रँक वॉरेल. मूरच्या पत्नीने त्याच्या नावे आतड्याच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला. २००७ साली नव्या वेम्बलीच्या प्रवेशमार्गावर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. २००८ साली वेस्ट हॅमने ६ हा आकडा कायमचा निवृत्त केला.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बचावपटूचे कर्तृत्व अभावरूप असल्याने त्याचा इतिहास गुणलेखावरून लिहिता येत नाही. सहाध्यायींच्या आठवणी, करारनामे व चित्रफिती ह्यांचा मेळ घालूनच तो उभा करावा लागतो. दुसरी, खेळाची परिभाषा हे स्वतंत्र ऐतिहासिक साधन आहे. पाठीवरील आकडा आणि 'हाफ' सारखा शब्द ह्यांत जुन्या मांडण्या जपलेल्या असतात, आणि त्यांचा छडा लावल्यास खेळाडूच्या भूमिकेचे संक्रमण कालानुक्रमे लावता येते. तिसरी, मूरचे वैभव आणि त्याची उपेक्षा ह्या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टींचे मूळ एकच आहे. जे घडू दिले नाही त्याची किंमत करण्याची सवय त्या समाजास नव्हती.

हा तिसरा निष्कर्ष फुटबॉलपुरता नाही. साथ पसरू न देणारा आरोग्याधिकारी, धरण फुटू न देणारा अभियंता, दंगल पेटू न देणारा गावचा वडीलधारा, ह्यांचीही नोंद दप्तरांत अशीच दुर्मीळ असते. दप्तर उघडते ते साथ पसरल्यावर, धरण फुटल्यावर, दंगल झाल्यावर. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दप्तरातील मौनाकडेही साधन म्हणून पाहावे, ही दृष्टी एका बचावपटूच्या चरित्रातून मिळत असेल, तर विद्यापीठीय अभ्यासात त्या विषयास स्थान देणे अप्रस्तुत ठरू नये.